फणसाखालची जागा

तलवाडा, ता. गेवराई
११ मार्च २०२४

चि. राजेश्वर यास दानम्माचे आशीर्वाद.

काल तू पुन्हा फोन केलास. मला ऐकू येत नाही हे तुला चार वर्षांपासून ठाऊक आहे, तरी फोनच करतोस. शेजारच्या विजयमालाने तो स्वतःच्या कानाला लावला आणि तू बोललास ते माझ्या कानात ओरडून सांगितलं. म्हणजे आपल्या घरचा विषय अर्ध्या गल्लीला कळला. मोबाइलवर लिहून पाठवतोस ते अक्षर मुंगीएवढं असतं, मला चष्म्यानेही दिसत नाही. म्हणून मागेच सांगितलं होतं की पत्र लिहीत जा. आप्पांनी पट्टीने मारून तुझं अक्षर वळणदार केलं, ते काय नुसतं लोकांच्या जमिनीच्या कागदावर गिरवायला?

असो. आप्पांनी बॅग भरली आहे. गेवराई, बीड आणि कपिलधार एवढीच दुनिया पाहिलेला एक्याऐंशी वर्षांचा माणूस, आता पोराचा समुद्र पाहून येतो म्हणतो. जसा काही तो तूच खोदलास. दुकानावर येईल त्याला सांगत बसतात. शेर-पावशेर साखर घ्यायला आलेल्या बायकासुद्धा तुझ्या प्लॉटांची माहिती ऐकून जातात. मी अडवणार नाही. मी नवऱ्यामागे माहेरी आले तेव्हापासून त्यांना कधी एवढं खूष पाहिलेलं नाही, आणि याचा मला थोडा रागही येतो. रोज भाकरी मी घालते आणि गोडवे तुझे.

शिवकन्याला सांग, लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाणीही पीत नाहीत. सकाळी अंघोळीला गरम पाणी आणि भस्माची डबी हाताशी, एवढं झालं की दिवसभर त्यांचा त्रास नाही.

पण पावसाआधी त्यांना परत आण. हे मी उगीच म्हणत नाही. आपली अव्वा गेली, तिला शेतात बसवलं, त्याच वर्षी आप्पांनी तिच्या शेजारी आपली जागा आखून घेतली. अकरा वर्षं झाली, आश्रुबा तेवढ्या तुकड्यात पेरत नाही. परवा नव्या गड्याने विचारलं, एवढी जागा पडीक कशाला? तर आश्रुबा त्याच्यावर उखडला, "हितं आमचे आप्पा बसनार हायती. तिथं कापूस कावून लावू?"

तुझ्या त्या समुद्रावर आपल्या समाजाचं कोण आहे? आपण माणूस गेल्यावर जाळत नाही, बसवतो, हे तरी तिथे कोणाला माहीत असेल का? या वयात माणूस कुठे आहे याला महत्त्व असतं. मला तुझा शब्द हवा.

तुझी अक्का
दानम्मा


पाचमाड, जि. रत्नागिरी
२८ मार्च २०२४

ती. अक्कास राजेश्वरचा शरणार्थ.

आप्पा सुखरूप पोचले. घाटात दोनदा उलटी झाली, तेवढं सोडलं तर प्रवास बरा झाला. तुझा शब्द तुला दिला. अक्षय्य तृतीयेला मी स्वतः आणून सोडतो.

पहिल्याच दिवशी त्यांना पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, घेऊन गेलो. बराच वेळ काठीवर हात ठेवून पाहत राहिले. मला वाटलं, आता काही मोठं बोलतील. म्हणाले, "येवढं पानी, आन् पिण्याच्या कामाचं न्हाई." आपला माणूस तो आपलाच.

अक्का, तू एकदा येऊन बघच. मी आलो तेव्हा इथे संध्याकाळनंतर माणूस दिसत नव्हता. आता शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते. रस्ता रुंद झाला, हॉटेलं निघाली, आंब्याच्या बागांत बंगले उभे राहिले. आमच्या साहेबांची स्कीम तर सगळ्यांत मोठी. बीडचा माणूस इथे साइट सांभाळतो याचं लोकांना नवल वाटतं. आपल्याकडचे लोक इथे येतात ते खडी फोडायला, गवंड्याच्या हाताखाली. मी खुर्चीवर बसतो.

माझं काम म्हणजे जागा मोकळी करून देणं. गिऱ्हाईक समुद्र बघतं, पण कोपऱ्यात शेंदूर लावलेला दगड दिसला की गाडी वळवतं. मागच्या महिन्यात कातळावर तीन जुन्या समाध्या निघाल्या. कोणाच्या, ते गावालाही सांगता येईना. एका दुपारी मशीन लावून जागा सपाट केली आणि आठवड्यात तिन्ही प्लॉट गेले. हे मी कौतुकाने आप्पांना सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना धंदा कळत नाही. किराणा दुकान वेगळं, हे वेगळं.

मधोमध एक वाडी राहिली आहे, सत्यभामा पाष्टे नावाच्या म्हातारीची. ती देत नाही. आप्पा रोज तिच्याच फणसाखाली जाऊन बसतात. बसू देत. ओळख वाढली तर माझंच काम सोपं होईल.

तुझा
राजेश्वर


तलवाडा
२० मे २०२४

चि. राजेश्वर यास आशीर्वाद.

अक्षय्य तृतीया होऊन दहा दिवस झाले. मी पुरण घातलं होतं. आमरस केला होता. दोन ताटं वाढून दुपारपर्यंत दाराकडे बघत बसले आणि शेवटी आश्रुबाला जेवायला घातलं. तो पोटभर जेवला, एवढं तरी सत्कारणी लागलं.

विजयमालाच्या फोनवर तुझा निरोप आला की सुट्ट्यांची गर्दी आहे, साहेब सोडत नाहीत. तुझे साहेब तुला बापाला घरी सोडायला चार दिवस देत नाहीत आणि तू खुर्चीवर बसतोस म्हणून सांगतोस. खुर्ची कोणाची आहे तेवढं नीट बघून घे.

अपेक्षाने चार ओळी लिहिल्या होत्या. पोरगी गुणाची आहे. आजोबांना खोकला झालाय, हवा दमट आहे, कपडे वाळत नाहीत असं लिहिते. तू यातलं काही लिहिलं नाहीस.

मृगाच्या आत त्यांना घेऊन ये. नाही जमलं तर सरळ सांग, मी गावातल्या सुंदररावांची जीप मागून घेते. आपला शब्द मोडायचा तर मोडला म्हणून सांगावं, गर्दीच्या नावावर घालू नये.

दानम्मा


पाचमाड
४ जून २०२४

चि. सौ. नव्हे, चि. दानम्मास मन्मथ आप्पाचे आशीर्वाद.

जुन्या सवयीने सौ. लिहून गेलो. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून तसंच ठेवलं. रागावू नको.

हे पत्र अपेक्षाच्या हाती टाकायला देतो आहे. राजेश्वरला दाखवलं नाही. त्याला वाईट वाटेल.

समुद्र पाहून झाला. चांगला आहे. पण रोज बघायचा म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात जेवण झाल्यावरही बसून राहिल्यासारखं वाटतं. आता घरी यावं असं मनात आहे. छातीत कफ होतो. डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत, त्या घेतो.

इथे पाष्टेबाई म्हणून आहेत. त्यांच्या फणसाखाली बसतो. त्या त्यांच्या बोलीत बोलतात, मी आपल्या, निम्मं कळतं आणि तेवढं पुरतं. त्यांनी विचारलं, तुमच्यात मेल्यावर काय करतात. मी सगळं सांगितलं. तुझ्या अव्वाची जागा, माझी जागा, आश्रुबा पेरत नाही ते. त्या म्हणाल्या, बसलेलं बरं, निजून कंटाळा येत असेल. मला लई हसू आलं. पुष्कळ दिवसांनी हसलो.

राजेश्वर वाईट नाही. त्याला वेळ नाही. या दोन्हींत फरक आहे असं मी अजून धरून आहे.

जीप लवकर पाठव. पाऊस लागला की घाटाचा भरवसा नाही असं इथले लोक म्हणतात.

आप्पा


पाचमाड
२० जुलै २०२४

ती. अक्कास शरणार्थ.

बातमी तुला फोनवरून कळलीच. तू पाय मोडून पडलेली, जीप यायची राहिली, आणि इकडे हे असं झालं. मी पाच-सहा दिवस लिहीन लिहीन म्हणतो पण हात चालत नाही.

रविवारी, चौदा तारखेला, सकाळी आप्पांनी पूजा केली. शिवकन्या चहा घेऊन गेली तर भिंतीला टेकून बसलेले, मान कलंडलेली. त्रास झाला नाही. डॉक्टरही तेच म्हणाले.

बाहेर धो धो पाऊस. घाटात दरड आलेली, दोन्हीकडून वाहनं अडकलेली. तलवाड्याला आणणं कोणाच्याही हातात नव्हतं. पण तू काळजी करू नको. रीतीत मी काही कमी केलं नाही. चिपळूणकडून एक स्वामी मिळाले. साइटच्या वरच्या अंगाला जागा बघून खड्डा घेतला. आप्पांना मांडी घालून बसवलं, भस्म लावलं, बेल वाहिला, डाव्या तळहातावर त्यांचं पूजेचं लिंग ठेवलं आणि मग माती दिली. सगळं व्यवस्थित झालं. साहेबही आले होते.

आता रडून काय होणार. तू पायाला जप.

तुझा
राजेश्वर


तलवाडा
६ ऑगस्ट २०२४

चि. राजेश्वर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला. सगळं विजयमालाला वाचून दाखवलं, आश्रुबाला दाखवलं, दुकानात येईल त्याला सांगितलं. सगळे म्हणाले, पोराने परमुलखात रीत सांभाळली.

मला तुझी माफी मागायची आहे. खुर्चीवरून मी तुला टोचून बोलले. शब्द मोडलास म्हणून लिहिलं. आणि स्वतः काय केलं? आप्पांचं पत्र आलं त्याच दिवशी सुंदररावांकडे गेले. त्यांची जीप निवडणुकीच्या धुळीतून नुकतीच गॅरेजला गेलेली. आठ दिवस थांबा म्हणाले. दुसरी गाडी भाड्याने करता आली असती, ती केली नाही. आपल्या घरची जीप असल्यासारखी सुंदररावांचीच वाट बघत बसले. नवव्या दिवशी ओट्यावरून पाय घसरला. अपराध माझाही आहे. आप्पा वाट बघत राहिले असतील, हे मनातून जात नाही. तुझं पत्र आलं तेव्हा कुठे पहिल्यांदा झोप लागली.

आता एक मागणं आहे. तिथली मूठभर माती पाठव. आप्पांच्या अंगावर जी दिली त्यातलीच. आश्रुबाने जागा यंदाही तशीच ठेवली आहे. आप्पा नाहीत तर त्यांची माती अव्वाशेजारी बसवू. स्वामींना विचारलं, ते म्हणाले, असं कुठे लिहिलेलं नाही, पण भाव असेल तर करा.

आणि आप्पांचं तोंड कोणत्या दिशेला आहे तेवढं कळव. मी इथून त्या बाजूला बघून हात जोडत जाईन.

तुझी अक्का


पाचमाड
२६ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास शरणार्थ.

माती पाठवतो आहे. मिठाईच्या डब्यात घातली आहे, दुसरं काही सापडलं नाही. तोंड पश्चिमेला आहे, म्हणजे समुद्राकडे.

माफी वगैरे लिहू नको. पुन्हा कधीच लिहू नको.

राजेश्वर


तलवाडा
१२ सप्टेंबर २०२४

चि. राजेश्वर यास आशीर्वाद.

या सोमवारी आप्पांची माती बसवली.

मला वाटलं होतं पाचपन्नास माणसं येतील. बाजूच्या वस्त्यांवरूनही लोक आले. आप्पांनी ज्यांना उधारी सोडून दिली होती ते आले, ज्यांना सोडली नव्हती तेही आले. प्लास्टर निघालं आहे, पण मला अजून खाली बसता येत नाही, म्हणून खुर्ची नेली होती. आश्रुबाने खड्डा माणसाच्या मापाचा घेतला. मी म्हटलं, मूठभर मातीला एवढा कशाला? त्याने ऐकलं नाही. स्वामींनी भस्म टाकलं, बेल वाहिला आणि मी डबा उपडा केला.

तुमची माती लाल आहे रे. आपल्या काळ्या रानात ती पडली तेव्हा आश्रुबा मोठ्याने म्हणाला, "समुद्रावर ऱ्हाऊन आप्पा लाल झाले की." माणसं हसली आणि मग बायका रडायला लागल्या. मला ऐकू येत नाही, पण इतक्या लोकांचं रडणं दिसतं.

घरी आले तेव्हा हलकं वाटलं. आप्पा अव्वापाशी आले. अर्धे तरी आले.

आता मला चालता येतं. भाऊबीजेला मी तिकडे येते. तुला ओवाळीन आणि आप्पांच्या जागेवर डोकं ठेवीन. सुंदररावांनी जीप देतो म्हटलं आहे. बायनाबाई सोबतीला येईल, ती सुंदररावांच्या घरी कामाला असते आणि तिला समुद्र बघायचा आहे.

तुझी अक्का
दानम्मा


पाचमाड
३० सप्टेंबर २०२४

ती. अक्कास शरणार्थ.

दिवाळीत येऊ नकोस. सीझन असतो, मला क्षणाची फुरसत नसते. खोल्या सगळ्या गिऱ्हाइकांना दिलेल्या असतात. शिवाय आप्पांच्या जागेकडे जायच्या वाटेवर काम चालू आहे, मशिनी उभ्या आहेत, तुझ्या पायाला ती चढण झेपणार नाही. मीच संक्रांतीनंतर सवड काढतो आणि तलवाड्याला येतो. तू दगदग करू नकोस.

राजेश्वर


तलवाडा
९ नोव्हेंबर २०२४

राजेश्वर,

मी येऊन गेले हे तुला शिवकन्याने सांगितलं असेल. तू पुण्याच्या पार्टीला जागा दाखवायला गेला होतास. सहाला येणार होतास. मी चारला निघाले.

काय काय झालं ते लिहिते. तू तिथे नव्हतास आणि घरातली माणसं तुला सगळं सांगतील असं वाटत नाही.

अकराला पोचलो. शिवकन्याने पाय धुवायला पाणी दिलं. मी ताट आणलं होतं, निरांजन, सुपारी, तुझ्यासाठी टोपी. ते तिच्याकडे दिलं आणि म्हटलं, आधी आप्पांकडे जाऊन येते, मग ओवाळणं. ती काहीतरी बोलली. मला कळेना. मी पुन्हा विचारलं तर ताट हातात धरून रडायला लागली. बायनाबाईने तिचं ऐकलं आणि खाली बघितलं. ती मला ओरडून सांगू शकत होती, पण तिने सांगितलं नाही.

मग अपेक्षा आतून आली. तुमच्या स्कीमचं चकचकीत छापलेलं पुस्तक तिथे पडलं होतं. त्याच्या पाठीवर तिने पेनने लिहिलं आणि मला दिलं. ते मी सोबत आणलं आहे. तिच्या अक्षरात आहे: "आत्या, आजोबांना बसवलं नाही. पुळणीवर जाळलं. पाष्टेआजी जागा देत होत्या. बाबा नको म्हणाले."

माझा विश्वास बसेना. मी तिला म्हटलं, मला त्या बाईकडे ने.

ती म्हातारी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी असेल, तरी तिने मला हाताला धरून नेलं, माझा पाय बघून हळूहळू. मला ऐकू येत नाही हे पोरीने सांगितलं असणार, कारण तिने तोंड उघडलंच नाही. फणसाखालची जमीन हाताने दाखवली. तिथे स्वतः मांडी घालून बसली, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. आप्पा बसायचे तसे. मग उठली, मला तुझ्या घराकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. तिने तुझ्यापुढे हात जोडले होते, राजेश्वर. जागा देण्यासाठी. मग तिने मान हलवली आणि खाली समुद्राकडे हात केला.

मी समुद्राकडे गेले नाही.

दोन महिने मी त्या डब्यातल्या मातीला फूल वाहते आहे. ती कुठली होती? रस्त्याच्या कडेची? पायासाठी खणलेल्या खड्ड्यातली? सगळ्या गावाने त्या मातीपुढे डोकं टेकलं. आश्रुबा अजून टेकतो. रोज कामावर जाताना टेकतो, येताना टेकतो.

तुझ्याकडे डोंगरच्या डोंगर जमीन आहे. लोकांना तू ती दोन-दोन गुंठे कापून देतोस. मला एवढंच सांग, त्यातली चार फूट बापाला का नाही? पाऊस होता, घाट बंद होता, ते सगळं मला माहीत आहे, ते पुन्हा लिहू नको. ती बाई देत होती. तू नको का म्हणालास?

दानम्मा


पाचमाड
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,

तू विचारलंस म्हणून लिहितो. वाचून फाडून टाक.

त्या दिवशी आप्पांना पाहिलं आणि पहिला विचार बसवायचाच आला. हे खरं आहे, मानायचं तर मान. मी साहेबांना फोन केला. वरच्या कोपऱ्यातली जागा मागितली. ते म्हणाले, वडिलांचं वाईट झालं, पण प्लॉटात समाधी म्हणजे शेजारचे सगळे प्लॉट मेले, तू स्वतःच हे सांगत असतोस. मी तेच सांगत होतो. मी फोन ठेवला.

मग माझ्या घरामागे बघितलं. घरही साहेबांच्याच नावावर आहे. तुला मी स्वतःचं म्हणून सांगितलं होतं.

तेवढ्यात पाष्टेआजी भिजत आली. डोक्यावर इरलं, हातात कुदळ. म्हणाली, "तुज्या बापाला माज्या वाडीत ठेव. फनसाखाली जागा हाय. मी पोरांना खनायला लावते." सगळे माझ्याकडे बघत होते. अपेक्षाही बघत होती.

अक्का, ती वाडी स्कीमच्या मधोमध आहे. तिच्यावाचून रस्ता पुरा होत नाही. म्हातारी आज ना उद्या जाणार, पोरं मुंबईला, ते देणार, हे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी ती मिळवून द्यायचं काम माझ्या अंगावर टाकलं होतं. तिथे आप्पांना बसवलं असतं तर ती जमीन कायमची गेली असती. माझ्या बापाच्या समाधीवर मशीन मी कशी लावली असती? आणि नसती लावली तर मी इथे कशाला आहे? हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. मी म्हटलं, नको आजी, आमच्यात जाळतात.

एवढंच मी बोललो. आमच्यात जाळतात. तिला आप्पांनी सगळं सांगितलेलं होतं हे मला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि कुदळ घेऊन गेली.

ओली लाकडं पेटत नव्हती. गाडीतलं डिझेल ओतलं. लिंग मी त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं, ते खरं लिहिलं होतं. स्वामी कोणी आले नव्हते. माती साइटवरची आहे.

तुझं ते माफीचं पत्र आलं त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. शिवकन्या बोलत नाही. अपेक्षा समोरून उठून जाते. गावात कोणाला सांगू नकोस, एवढं माझ्यासाठी कर. आप्पांच्या बाबतीत जे झालं ते झालं. पण मी गेल्यावर मला इथे ठेवू देऊ नकोस. मला तलवाड्याला नेऊन अव्वाशेजारी बसव. तू मोठी आहेस तरी तुलाच सांगतो, कारण दुसरं कोणी करणार नाही.

राजेश्वर


तलवाडा
१९ डिसेंबर २०२४

राजेश्वर,

पत्र फाडलं नाही. आप्पांच्या पत्रासोबत ठेवलं आहे.

गावात मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ते तुझ्यासाठी नाही. लोक आप्पांना हसतील, बिचाऱ्याने पोराचं किती कौतुक केलं म्हणतील, ते मला ऐकू आलं नाही तरी दिसेल. आश्रुबालाही सांगितलं नाही. या वयात त्याच्याकडून ते काढून घ्यायला माझा हात धजत नाही. तुझं खोटं आता मी चालवते. रोज फूल वाहते. तू एक दिवस खोटं बोललास, मला मरेपर्यंत बोलायचं आहे.

अव्वाशेजारी आप्पा नाहीत हे गावात फक्त मला आणि बायनाबाईला माहीत आहे, आणि तिला मी शपथ घातली आहे. तिथे मी बसेन. आश्रुबाला मी सांगितलं की आप्पांच्या मातीतच मला घाला, वेगळी जागा नको. त्याला त्यात गैर वाटलं नाही. तुला तिथे जागा नाही. भांडायचं असेल तर कागदपत्रं घेऊन ये, जमिनीचं काम तुला चांगलं येतं.

पण तू जळावंस असं मला वाटत नाही. पुष्कळ दिवस वाटलं, मग वाटेनासं झालं. तू अव्वाचा मुलगा आहेस. तुलाही रीतीने बसवलं पाहिजे, आणि तू राहतोस तिथे जागा देणारं एकच माणूस आहे हे तू मला लिहून कळवलं आहेस.

म्हणून मी अपेक्षाला पत्र घातलं आणि तिच्या हाती पाष्टेआजींना विचारलं. सगळं खरं लिहिलं, तू वाडी का टाळलीस तेसुद्धा. ती जागा माझ्या भावासाठी राखून ठेवाल का, म्हणून विचारलं. त्यांनी मुंबईच्या पोरांना बोलावून घेतलं. परवा अपेक्षाचं उत्तर आलं. आजी म्हणाल्या, बापाला देत होते ती पोराला देईन, माझं काय जातं. पोरांनी कागद केला आहे. वाडी विकायची नाही आणि फणसाखाली राजेश्वर मन्मथ यांची समाधी व्हायची आहे, असं त्यात लिहिलं आहे. गावातल्या दोघांच्या सह्या आहेत. पुळणीवरच्या हॉटेलवाल्यापर्यंत सगळ्यांना आता ते ठाऊक झालं आहे, म्हणजे तुझ्या साहेबांनाही झालंच असेल.

तिला जाऊन भेट. ती तुझ्यावर रागावलेली नाही. मी आहे.

दानम्मा